पुराची रेघ आणि माझी चौकट

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या मिरजेच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत २१२ छायाचित्रे फरशीवर मांडली. सगळी चार बाय सहा इंचांची, साध्या चकचकीत कागदावर छापून आणलेली. दहा वर्षांत काढलेल्या हजारो फोटोंतून, चांगला की वाईट याचा विचार न करता, ‘हा टाकून द्यायला मन होत नाही’ एवढ्या एकाच निकषावर ती निवडलेली होती. घरातली माणसे दोन दिवस भिंतीच्या कडेकडेने चालत होती. तिसऱ्या दिवशी माझा आठवीतला भाचा आला, दारात उभा राहून त्याने तो सगळा पसारा न्याहाळला आणि विचारले, “मावशी, तुझ्या फोटोंत सगळ्यांच्या मागे भिंतच का असते गं?”

मी शाळेत गणित शिकवते. मांडणीत दडलेला क्रम मुलांना शोधून दाखवणे हे माझे रोजचे काम, आणि तरीही स्वतःच्याच फोटोंतला हा क्रम मला दुसऱ्याने दाखवावा लागला. आपली अशी शैली म्हणजे काय आणि ती कुठून येते, या प्रश्नाचे उत्तर मी इतकी वर्षे पुढे पाहून शोधत होते: पुढची लेन्स, पुढची यात्रा, पुढची कार्यशाळा. उत्तर मात्र मागे, बाजूला काढून ठेवलेल्या फोटोंच्या गठ्ठ्यात पडून होते. ते हाती कसे लागले, ते आठवते आहे तोवर लिहून ठेवते.

कॅमेरा मी २०१४ साली घेतला. पहिली चार-पाच वर्षे मी जे केले ते आमच्या भागातला प्रत्येक हौशी छायाचित्रकार करतो. पावसाळा संपताना कास पठार, आषाढी एकादशीच्या आधी दिवेघाटाच्या चढावरून खाली दिसणारी वारी, चैत्रात जोतिबाचा गुलाल आणि दिवाळीच्या आगेमागे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत उधळला जाणारा भंडारा. पट्टणकोडोलीचे दृश्य खरोखर विलक्षण असते. हळदीने हवा पिवळी होते, छत्र्या पिवळ्या होतात, धनगरांच्या पांढऱ्या पटक्यांवर पिवळा थर बसतो आणि श्वास घेताना नाकात हळदीचा तिखट वास भरतो. मात्र गेल्या काही वर्षांत तिथे कॅमेरेवाल्यांचीही इतकी दाटी झाली आहे की कुणाची तरी लेन्स चौकटीत आल्यावाचून फोटो मिळणे हेच कौशल्य ठरते.

एका वर्षी मी तिथला एक फोटो एका स्पर्धेला पाठवला. प्रदर्शन पाहायला गेले तेव्हा भिंतीवर तो लागलेला दिसला. मी हरखून मैत्रिणीला दाखवला, तिने त्याच्यासमोर माझा फोटो काढला, आणि मग तिने खालच्या पट्टीवरचे नाव मोठ्याने वाचले. ते माझे नव्हते. तोच वृद्ध, तोच वर गेलेला हात, तीच पिवळी धूळ, बहुधा माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या कुणीतरी त्याच क्षणी काढलेला तो फोटो होता. माझा निवडलाच गेला नव्हता. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली: बक्षीस न मिळाल्याचे दुःख नव्हते, स्वतःचा फोटो ओळखता आला नाही याचे होते. माझे विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर नाव लिहायला विसरले तरी मी अक्षरावरून त्यांना ओळखते. माझ्या फोटोंना अक्षरच नव्हते.

हे अक्षर कसे घडवायचे, यावर सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. सर्वांत लोकप्रिय सल्ला रंगांचा होता. संगणकावर तयार मिळणारा एखादा प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाच्या बदलांचा आयता संच, घ्यावा, सगळ्या फोटोंना तोच लावावा, सावल्या निळसर आणि त्वचा नारिंगी करावी, म्हणजे इन्स्टाग्रामवर नऊ चौकोन एका घरातले दिसतात. मी वर्षभर हेही केले. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की ही शैली नव्हे, हा गणवेश आहे. प्रीसेट काढून टाकला की खाली जो फोटो उरतो, तो कुठे उभे राहून, कशाकडे आणि किती वेळ पाहून काढला आहे, हा खरा प्रश्न असतो आणि त्याला कोणतीही सरकपट्टी उत्तर देत नाही.

त्यानंतर मी थोर छायाचित्रकारांची पुस्तके पाहू लागले आणि मला पहिल्यांदा धीर आला, कारण ज्यांची शैली लांबूनही ओळखू येते ती माणसेसुद्धा कुणाच्या तरी फोटोने झपाटली जाऊनच सुरुवात करतात, हे तिथे दिसले. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ तरुणपणी चित्रकार व्हायला निघाला होता, आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकत होता. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराच्या लाटांत धावत शिरणाऱ्या तीन मुलांचा, हंगेरीच्या मार्टिन मुंकाचीने १९३० च्या सुमारास काढलेला एक फोटो त्याच्या पाहण्यात आला आणि कॅमेऱ्याने असेही पकडता येते या जाणिवेने त्याची वाट बदलली. पुढे १९६६ साली जयपुरात हाच कार्तिए-ब्रेसाँ काम करत असताना विशीतले भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी त्याला जवळून पाहिले. रघुबीर सिंगांनी त्याच्याकडून रस्त्यावरची चपळाई घेतली. पण कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर कृष्णधवल छायाचित्रांना जागला, तर सिंगांनी रंगीत फिल्मच धरली आणि भारताकडे रंगावाचून पाहणे आपल्या परंपरेला धरून नाही, असे ठामपणे मांडले. मुंकाचीकडून कार्तिए-ब्रेसाँकडे आणि तिथून रघुबीर सिंगांकडे असा हा दिवा दिव्याला लागत गेला, आणि तरी तिघांचे फोटो शेजारी ठेवले तर कुणाचा कोणता हे सांगायला पट्टीवरचे नाव वाचावे लागत नाही.

मी ठरवले की चोरून नक्कल करण्यापेक्षा उघडपणे करावी. दर तीन महिन्यांना एक छायाचित्रकार घ्यायचा, त्याच्या एका फोटोवर बोट ठेवायचे आणि तसाच फोटो मिरज-सांगलीत काढायचा.

पहिला अर्थातच कार्तिए-ब्रेसाँ. पॅरिसमधल्या साँ-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून झेप घेणारा माणूस, १९३२. टाच अजून पाण्याला टेकलेली नाही आणि खाली त्याचे प्रतिबिंब वर येते आहे. मिरज जंक्शनच्या बाहेर पावसाळ्यात साचणाऱ्या तळ्यांची काहीच उणीव नाही, म्हणून जुलैच्या तीन रविवारी मी छत्री आणि कॅमेरा घेऊन एका डबक्याशी उभी राहिले. एकाही माणसाने उडी मारली नाही. आमच्याकडे डबके आले की माणूस आधी थांबतो. मग चपला काढून हातात घेतो, विजारीची टोके गुडघ्यापर्यंत दुमडतो, बायका निऱ्या एका मुठीत गोळा करतात, दुसऱ्या हाताने मुलाचे मनगट धरतात आणि सगळे जण तळ चाचपत, सावकाश, पाण्यातून चालत जातात. कार्तिए-ब्रेसाँच्या नावाशी जोडलेला तो ‘निर्णायक क्षण’ वगैरे कुठेच नव्हता. होता तो एक लांबलचक, सावध, थोडासा वैतागलेला वेळ. मी हिरमुसले. पण त्या तीन रविवारच्या फोटोंत एक होता: स्थानकाच्या ओल चढलेल्या भिंतीसमोरून निऱ्या धरून जाणारी एक बाई, चेहरा दुसरीकडे, पाय घोट्यापर्यंत पाण्यात आणि भिंतीवरच्या ओलीची कडा तिच्या कमरेच्या बरोबर रेषेत. नक्कल म्हणून तो पूर्ण नापास होता, म्हणून मी तो ‘फसलेले’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकून दिला.

रघुबीर सिंगांची नक्कल आणखी वाईट फसली. त्यांच्या चौकटीत एकाच वेळी सात-आठ गोष्टी घडत असतात, दाराची चौकट, आरसा, गाडीची खिडकी अशा उभ्या पट्ट्यांनी ते एका फोटोत तीन फोटो बसवतात आणि तरीही डोळा कुठे अडखळत नाही. सांगलीच्या बाजारात मी तसे करायला गेले तर हाती नुसती गर्दी आली. गर्दीत शिरायचे तर माणसांच्या हातभर जवळ जावे लागते आणि ते माझ्या स्वभावात नाही. मी नकळत दोन पावले मागे सरकत असे. त्या मागे सरकण्याला मी तेव्हा भित्रेपणा समजत होते. आज मला ते अंतर माझ्या अक्षराचे वळण वाटते.

कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे आठवते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस आमच्या भागाला काही फार परका नाही. मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवणारा बालगायक म्हणून ते आधी प्रसिद्ध झाले, मग मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकले आणि पुढे क्षयाच्या आजाराने देवासला गाणे बंद ठेवून पडून राहावे लागले, तेव्हा कानांवर पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला वेगळेच वळण दिले. आपल्याकडे संगीत शिकणाऱ्या कुणालाही नकलेची लाज वाटत नाही. वर्षानुवर्षे गुरूचा आ-कार गिरवल्यावर, स्वतःच्या गळ्याला जे जमत नाही तिथून स्वतःचे गाणे सुरू होते, हे तिथे गृहीतच असते. छायाचित्रणात मात्र पहिल्या महिन्यापासून ‘वेगळे काहीतरी’ करण्याची घाई आणि सगळे मिळून त्याच दिवेघाटात. असो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगलीतल्या गावभाग या वस्तीत माझ्या आत्याचे घर आहे. ती आणि काका आमच्याकडे मिरजेला आले आणि घर आठवडाभर पाण्यात होते. त्या दिवसांत मी एकही फोटो काढला नाही. होड्यांचे, छपरांवरच्या माणसांचे फोटो सगळीकडे दिसत होते आणि त्यांत भर घालावी असे मला वाटले नाही, हे एक. आणि दुसरे, सरळ सांगायचे तर हात रिकामे नव्हते.

पाणी ओसरल्यावर घर धुवायला गेलो तेव्हा लोखंडी ट्रंकेत ठेवलेले फोटोंचे अल्बम चिखलाच्या विटेसारखे झाले होते. ओल्या फोटोंवरचा जिलेटिनचा थर फुगून मऊ होतो आणि तसेच वाळू दिले तर एक फोटो दुसऱ्याला कायमचा चिकटतो, म्हणून ते वाळायच्या आत स्वच्छ थंड पाण्यात सोडून हलक्या हाताने वेगळे करावे लागतात. वरच्या बाजूला बोट लागले तर बोटाबरोबर चेहराच निघून येतो. चार दिवस आम्ही परातीत पाणी घेऊन तेच करत बसलो. गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी टांगलेली तीनशे-साडेतीनशे छायाचित्रे, त्यांतली कितीतरी अर्धी पुसलेली. तेव्हा मी ती नुसती वाचवत होते, पाहत नव्हते. त्यांच्याकडे पाहायला मला पाच वर्षे लागली.

त्या धुण्यापुसण्यातच मला भिंतीवरची रेघ दिसली. पाणी जिथे सर्वांत जास्त वेळ थांबले होते तिथे गाळाची एक तपकिरी, सरळ रेघ सगळ्या खोल्यांतून, बाहेरच्या ओटीवरून आणि शेजाऱ्यांच्या घरांवरून त्याच उंचीने गेली होती. आत्या म्हणाली, “२००५ ची इथं होती,” आणि तिने रेघेच्या खाली हात ठेवला. भूमितीच्या तासाला मी क्षैतिज रेषेसाठी फळ्यावर पट्टी धरते. इथे नदीने सबंध गल्लीवर एक रेषा ओढून ठेवली होती. मला ती सोडवेना. शाळा सुटली की मी सांगलीला जाऊ लागले.

सुरुवातीचे फोटो नाट्यमय होते. वाइड लेन्स लावून जमिनीजवळ बसायचे, कॅमेरा वर तिरका करायचा, म्हणजे भिंत अंगावर कोसळते आहे असे वाटते आणि रेघ आभाळात घुसते. संगणकावर चिखल आणखी काळा करायचा. हे फोटो मी मोठ्या उत्साहाने आत्याला दाखवले. तिने चष्मा लावून दोन-तीन पाहिले आणि म्हणाली, “अगं, भिंत एवढी वाकडी कशाला दाखवतेस? आधीच बिचारीनं एवढं सोसलंय.”

याहून नेमके परीक्षण मला कोणत्याही कार्यशाळेत मिळालेले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कॅमेरा तिपाईवर चढवला आणि भिंतीसमोर भिंतीला समांतर उभा केला. कॅमेरा वर कललेला नसला की इमारतीच्या उभ्या कडा उभ्याच राहतात. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा आहे, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान, त्यावर ३५ एमएमची लेन्स साधारण तिथल्या पन्नासच्या लेन्सइतकेच दृश्य पाहते, म्हणून तीच एक ठेवली आणि बाकीच्या कपाटात गेल्या. लेन्सचे छिद्र एफ ८, म्हणजे बऱ्यापैकी लहान. काही बारकावे चुका करूनच कळले. ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगांचा तोल आपोआप ठरवायला सोडला की, कॅमेरा चौकटीतला सगळीकडे पसरलेला तपकिरीपणा दोष समजून काढून टाकू पाहतो आणि कृष्णेचा गाळ सिमेंटसारखा राखाडी होऊन बसतो. म्हणून मी तो तोल ५५०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या आकड्यावर, कायमचा बांधून टाकला. चुन्याच्या भिंतीसमोर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, पांढऱ्यालाही तो मध्यम करडेपणाकडे ओढतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, दोन-तृतीयांश स्टॉपने वाढवावा लागतो. आणि ऊन नको, कारण उन्हात पन्हाळीची सावली भिंतीवर पडते आणि गाळाच्या रेघेशी भांडू लागते. ढगाळ दिवस किंवा सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास, एवढीच माझी वेळ उरली. हे नियम मी शैली घडवायची म्हणून केलेले नव्हते. आत्याच्या भिंतीचा मान राखायचा तर त्यांतला प्रत्येक आपोआप गरजेचा ठरत गेला.

टाळेबंदीत घरी बसले असताना मला बर्न्ड आणि हिला बेखर हे जर्मन जोडपे भेटले, म्हणजे त्यांचे काम. १९५९ पासून पुढे कित्येक दशके या दोघांनी पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, कोळशाच्या खाणींवरचे सांगाडे असे कारखानदारीचे अवशेष एकाच पद्धतीने टिपले: समोरून, ढगाळ उजेडात, माणूस नसताना, आणि मग तसे नऊ-बारा-पंधरा फोटो जाळीसारखे ओळींत मांडले. एकेक मनोरा पाहताना कंटाळा येतो. पंधरा शेजारी ठेवले की प्रत्येकाचा स्वभाव दिसू लागतो. मला फार बरे वाटले, कारण ढगाळ दिवसाची वाट पाहणारी मी एकटीच वेडी नव्हते. पुढे बर्न्ड बेखर ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत शिकवू लागले आणि त्यांच्या हाताखालून आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूथ, थॉमस रुफ, कांडिडा ह्योफर निघाले. गुरू एकच, पण एकाचे फोटो दुसऱ्याचे म्हणून खपणार नाहीत. शिक्षिका म्हणून मला त्या अकादमीचा हेवा वाटतो.

मग नियमाप्रमाणे तीन महिने बेखर. टाळेबंदी सैल झाल्यावर मी पुन्हा गावभागात तिपाई लावली आणि रेघ असलेली भिंत, रिकामी, निर्मनुष्य, टिपायचा प्रयत्न करू लागले. अशक्य. शटर दाबणार तेवढ्यात दुधाची किटली घेऊन कुणी येई. ओटीवर कुणी कपडे वाळत घाली. मांजर रेघेखाली बरोबर मधोमध येऊन बसे. त्यात निम्मी गल्ली माझ्या शाळेत शिकलेली. “मॅडम, बाजूला होऊ का?” असे विचारून मुले चौकटीतच थांबत आणि बाजूला काही होत नसत, किंवा बाजूला झाली तर सायकलचे मागचे चाक आत राही. एका संध्याकाळी उजेड संपत आला होता, एक म्हातारे गृहस्थ भिंतीला धरून इतके सावकाश चालत होते की ते जाईपर्यंत अंधार होणार हे नक्की होते, आणि मी वैतागून शटर दाबले.

तो फोटो संगणकावर पाहिला आणि मला स्थानकाजवळची निऱ्या धरलेली बाई आठवली. ‘फसलेले’ फोल्डर उघडून मी दोन्ही शेजारी ठेवले. तेच अंतर. तीच समोरासमोरची भिंत, तीच आडवी कडा, तसाच फिरलेला चेहरा, तसाच सावधपणे पडणारा पाय. एक कार्तिए-ब्रेसाँची फसलेली नक्कल होती आणि दुसरी बेखरांची, आणि दोन्ही एकाच दिशेने फसल्या होत्या. ज्या दोन माणसांचे एकमेकांशी काही जमणार नाही, त्यांची नक्कल करताना मी दोन्ही वेळा एकाच जागी घसरले, तर ती जागा माझी असली पाहिजे, एवढा तर्क गणिताच्या बाईला जमतो.

तेव्हापासून मी माणसांना हाकलणे सोडले. रेघ प्रत्येक फोटोत चौकटीच्या त्याच उंचीवर ठेवायची, तिपाई हलवायची नाही, आणि खाली जे येईल त्याची वाट पाहायची. पाण्याने एकदा जिथवर सगळे बुडवले होते, त्याच पट्ट्यात आता लोक भाजी निवडतात, मुले गृहपाठ करतात, रिक्षा धुतात. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, २०१९ पेक्षा कमी. काही भिंतींवर आता जुन्या रेघेखाली नवी रेघ आहे आणि त्या फोटोंत मी दोन्ही येऊ देते.

निवड करण्याचा भाग मला सर्वांत उशिरा कळला. अमेरिकेतला गॅरी विनोग्रँड हा रस्त्यावरचा छायाचित्रकार फिल्म मुद्दाम बराच काळ न धुता ठेवत असे, म्हणजे फोटो काढतानाचा आनंद विसरला जाऊन समोरचा कागद तेवढा पाहता येतो. त्याने ते जरा जास्तच मनावर घेतले: १९८४ साली तो गेला तेव्हा न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल मागे राहिले होते. मी सहा आठवड्यांवर थांबते. कार्ड संगणकात उतरवून ठेवते, वहीत तारीख लिहिते आणि सहा आठवडे फोल्डर उघडत नाही. ज्या फोटोसाठी पावसात भिजले तो चांगला असलाच पाहिजे, हा भ्रम तेवढ्या काळात वाळून जातो.

आता पुन्हा त्या फरशीकडे. भाच्याच्या प्रश्नानंतर मी २१२ फोटो मोजून पाहिले: १३७ फोटोंत माणसामागे समोरासमोरची भिंत होती. गंमत अशी की त्यांतले ४१ पुराच्या आधीचे होते. ज्या वारीचे मी दिवेघाटातले फोटो स्पर्धांना पाठवत होते, त्याच वारीतले आणि पट्टणकोडोलीच्या यात्रेतले हे टाकाऊ: शाळेच्या भिंतीला टेकून पाय चेपत बसलेले वारकरी, हळदीने पिवळ्या झालेल्या भिंतीसमोर छत्री मिटणारा माणूस. पुरामुळे मला विषय मिळाला हे खरे, पण मी भिंतीसमोर आधीपासूनच उभी राहत होते.

का, याचे उत्तर आत्याच्या वाळवलेल्या फोटोंत मिळाले. काकांकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री होता. १२० ची फिल्म, एका रोलवर बारा चौरस फोटो, फोकस कायमचा ठरलेला आणि उजेडासाठी ऊन की ढग एवढीच निवड. असा कॅमेरा घरातल्या अंधारात चालत नाही आणि फार जवळही चालत नाही, म्हणून काका प्रत्येक सणाला सगळ्यांना अंगणात काढत, चुन्याच्या भिंतीसमोर ओळीने उभे करत आणि मोजून काही पावले मागे जात. माझ्या लहानपणाचा एकूण एक फोटो त्याच भिंतीसमोरचा, त्याच अंतरावरचा आहे. मी पुस्तकांतून पॅरिस आणि ड्युसेलडॉर्फ धुंडाळत होते आणि मागे सरकणारी ती दोन पावले मात्र काकांची होती. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अगं, जवळ गेलं की धूसर यायचं, म्हणून मागं जायचो.”

या कामावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही: सगळे फोटो सारखेच दिसतात. एका परिचितांनी तर, आता तुझा साचा तयार झाला, पुढे काय, असे विचारले. साचा आणि शैली यांत फरक कुठे पडतो हे मलाही दर वेळी सांगता येत नाही. एवढे मात्र ध्यानात आले आहे की तिपाई लावताना फोटो कसा येणार हे आधीच दिसू लागले, तर त्या दिवशी काढलेला फोटो सहा आठवड्यांनी मेलेला निघतो. म्हणून मी हल्ली काही रविवार तिपाईशिवाय जाते आणि पुन्हा रघुबीर सिंगांची नक्कल करते. अजूनही फसते, पण आता वेगळ्या पद्धतीने फसते, त्यामुळे ते फोल्डर मी रिकामे केलेले नाही.

यंदा दसऱ्याच्या आधी आत्याने घराला रंग काढला. पाच वर्षे तिने बाहेरच्या खोलीतली रेघ तशीच ठेवली होती, पण आता नातीचे लग्न ठरले आहे. मी गेले तेव्हा भिंत फिकट पिस्ता रंगाची झाली होती आणि रेघ कुठेच नव्हती. तरी मी फरशीच्या त्याच ठरलेल्या लादीवर तिपाई लावली, नेहमीच्या उंचीला कॅमेरा ठेवला आणि कॅमेऱ्यातल्या रेषांच्या जाळीतून पाहिले. देव्हारा, विजेची बटणे, घड्याळ, दिनदर्शिकेचा खिळा, छत्रीची खुंटी, माळ्यावर चढवलेली ती लोखंडी ट्रंक: सगळे काही चौकटीच्या वरच्या भागात होते आणि त्याच्याखाली, जिथे रेघ असायची तिथून जमिनीपर्यंत, भिंतीवर एकही वस्तू नव्हती. आत्या त्या मोकळ्या पट्ट्यासमोर पाट टाकून गहू निवडत बसली होती. मी दोन फोटो काढले. हा संच तिथे संपतो की तिथून दुसरा सुरू होतो, ते फोल्डर उघडल्यावर पाहायचे. वहीतल्या तारखेप्रमाणे अजून बारा दिवस आहेत.